बाकी किरकोळ

घराच्या किल्ल्या हातात ठेवताना कॉन्ट्रॅक्टर म्हणाले, "झालं तुमचं घर. बाकी काय, किरकोळ आहे. ते तुमचं तुम्ही करून घ्या."

त्या किरकोळात काय काय होतं ते सांगते. घरापुढच्या मोकळ्या जागेत माझ्या कमरेइतका राडारोड्याचा ढीग. त्यात विटांचे तुकडे, दगड झालेल्या सिमेंटच्या दोन गोण्या, सळयांची टोकं आणि कुणाचा तरी एका पायाचा बूट. फाटकाला नुसता लाल प्रायमर. बाहेरच्या दिव्याच्या जागी भिंतीतून डोकावणाऱ्या दोन वायरी. बाजूच्या बोळात उकरलेली माती. गच्ची भुंडी. नावाची पाटी नाही, टपालाची पेटी नाही. आणि बँकेत इतकेच पैसे, की वास्तुशांतीच्या जेवणात जिलबी ठेवायची का यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली. शेवटी ठेवली. आजी म्हणाली, "घर काय रोज होतं?"

ही मार्च 2024 ची गोष्ट.

नारायण पेठेत नवीन स्वतंत्र घर बांधलं असं सांगितलं की लोक आधी आपल्याकडे संशयाने बघतात. पेठेत वाडा पडतो आणि त्या जागी अपार्टमेंट उभं राहतं, ही रीत आहे. वाड्याचं नाव अपार्टमेंटला मिळतं, मूळ मालकांना एक-दोन फ्लॅट मिळतात, खाली पार्किंग येतं. आमचं तसं झालं नाही, कारण आमची जागा कुणाला नकोच होती. 22 फूट रुंद आणि 50 फूट खोल. दोन बिल्डर येऊन बघून गेले. दुसऱ्याने तर चहाही घेतला नाही. मग बाबांचा फंड, माझ्या नावावरचं कर्ज आणि काकांनी सोडलेला हिस्सा यावर आम्हीच दोन मजले चढवले. खाली आजीची खोली, न्हाणीघर आणि दोन स्कूटर्सपुरती जागा. वर आम्ही. पुढे रस्त्याच्या बाजूला 22 बाय 9 फुटांचा तुकडा मोकळा राहिला. त्यालाच आम्ही अंगण म्हणायला लागलो.

बांधकाम चालू असताना अडीच वर्षं आम्ही कर्वेनगरला भाड्याने राहत होतो. तिथून सामान घेऊन टेम्पो आला तेव्हा सगळ्यांत शेवटी आजीने स्वतः उतरवून घेतली ती एक फुटकी प्लॅस्टिकची बादली. बादलीत माती, आणि मातीत काळसर देठाचं, मरगळलेलं अळू.

"हे कुठे लावायचं?" तिने विचारलं.

बाबा म्हणाले, "कुठेच नाही. पुढे पेव्हिंग ब्लॉक बसवायचेत. भिंतीपासून फाटकापर्यंत, सगळीकडे."

आजी 88 वर्षांची. बाबा 68 चे. मी 31 ची, आठवड्यातले तीन दिवस हिंजवडी आणि बाकीचे दिवस घरून काम. या तिघांत बागकामाचे सर्वांत जास्त व्हिडिओ मी पाहिले होते. त्यामुळे साहजिकच मला वाटत होतं, की यातलं मलाच कळतं.



आधी जे नीट झालं ते सांगते, म्हणजे पुढचं सांगायला जरा बळ येईल.

वाडा उतरवताना लाकूड, विटा, दारं सगळं उतरवणाऱ्यांनी नेलं. त्या बदल्यात उतरवायचा खर्च कमी झाला. बाबांनी तीनच गोष्टी मागे ठेवल्या. कडीपाटाची एक सागवानी तुळई, चौकातल्या घडीव दगडाच्या 14 लाद्या आणि भाजक्या पातळ विटांचा एक ढिगारा. हे सगळं अडीच वर्षं एका स्नेह्यांच्या गॅरेजमध्ये पडून होतं.

तुळईचं बाक करायचं मी ठरवलं. सुताराने सांगितलेली मजुरी ऐकून मी स्वतःच करायचं ठरवलं. जुनं सागवान दिसायला काळं आणि मेलेलं दिसतं, पण वरचा थर गेला की आतून मधाच्या रंगाचं निघतं. तिथवर जायला मात्र आधी खिळे काढावे लागतात. एका आठ फुटी तुळईतून मी 43 खिळे काढले. काही इतके खोल होते, की पहिल्या दिवशी त्यांच्यावर घासून पॉलिश पेपर फाटत राहिला. 80 नंबरचा कागद, मग 120, मग 220. शेवटी बेल तेल. बोहरी आळीत दुकानदाराला मी रीतसर "लिनसीड ऑइल आहे का" विचारलं, तर त्याने मागे वळून "बेल तेल एक लिटर" अशी हाक दिली. जवसाचं उकळलेलं तेल ते. दोन हात दिले की लाकूड पाणी झटकून टाकतं. एक गोष्ट लक्षात ठेवा. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि अशा बोळ्याला आपसूक आग लागू शकते. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवायच्या, मग टाकायच्या.

गच्चीच्या बाबतीतही मी वेळेवर शहाणी झाले. माझ्या डोक्यात गच्चीभर एक फूट माती आणि त्यावर हिरवळ होती. आमच्या इंजिनिअरनी शांतपणे हिशेब मांडला. भिजलेली माती घनमीटरला साधारण 1800 किलो. एक फूट थर म्हणजे चौरस मीटरला 500 किलोच्या वर. आणि माणसांची ये-जा असते अशी गच्ची आपल्याकडे प्रमाणकानुसार चौरस मीटरला 150 किलो जादा भार धरून बांधतात. "तुम्हाला हिरवळीवर झोपायचंय की हिरवळीखाली?" असं त्यांनी विचारलं. मी कुंड्यांवर आले. कुंभारवाड्यातून मातीच्या कुंड्या आणल्या, त्या गच्चीच्या मध्यावर न ठेवता कडेने, खाली तुळया आहेत तिथे ठेवल्या. आत एक भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग कोकोपीट. तळाशी सुका पाला. कुंडीखाली दोन-दोन विटांचे तुकडे, म्हणजे पाणी निघून जातं आणि गच्चीचा कोबा कोरडा राहतो.

फाटक रंगवलं. दिवा लावला, त्यासाठी तपकीर गल्लीत दोन चकरा झाल्या. जुन्या बाजारात एका रविवारी पितळेची कडी मिळाली, ती फाटकाला बसवली. एप्रिल संपेपर्यंत येणारे-जाणारे थांबून "छान केलंत हो" म्हणायला लागले होते. नारायण पेठेत कुणी थांबून छान म्हणणं ही लहान गोष्ट नाही. इथले लोक आधी चूक सांगतात.



राहिलं अंगण. तिथे बाबा आणि आजी यांच्यात तह होत नव्हता.

आमच्या वाड्यात बाग अशी कधी नव्हतीच. पेठेतल्या मध्यम वाड्यांत नसायचीच. चौकात मोरी असे आणि मोरीचं पाणी जिथून बाहेर जाई तिथे अळू आणि कर्दळ. कुणी लावली असं नाही, कुणी पाणी घालतंय असंही नाही. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी जायचं आणि त्यावर ती माजायची. श्रावणात कुणाकडे सवाष्ण जेवायला असली की अळू मागायला बायका आमच्या चौकात यायच्या. आजीच्या मते घर म्हणजे हे. तिला गुलाब, जास्वंद, लॉन काही नको होतं. "सांडपाण्याला जागा आणि त्यावर अळू. एवढंच."

बाबांचं उत्तर एकच. "भिंतीजवळ माती नको."

का नको, हे ते सांगत नसत. डास होतील, साप येतील, स्कूटर घसरेल अशी कारणं ते दर वेळी नवी काढत. मी या भांडणाचा माझ्या पद्धतीने निकाल लावला. आठवड्याभरासाठी बाबा काकांकडे नाशिकला गेले, तेवढ्यात काम उरकून टाकलं.

राडारोडा उचलून न्यायला ट्रॅक्टरवाल्याने जे पैसे सांगितले ते मला जास्त वाटले. म्हणून तो ढीग मी अंगणातच पसरवला आणि दोन मजूर लावून धुम्मसाने बसवला. जमीन फूटभर वर आली. त्यावर आजीच्या खिडकीखाली, भिंतीला लागून, वाड्याच्या त्या पातळ विटा रचून नऊ फूट लांब आणि दीड फूट उंच वाफा केला. मातीने भरला. त्यात मोगरा, कढीपत्ता, सोनचाफ्याचं रोप आणि एका टोकाला बादलीतलं अळू. उरलेल्या जागेत दगडी लाद्या बसवल्या. फोटो काढला. दीडशे लोकांना आवडला.

बाबा परत आले. वाफ्यासमोर उभे राहिले. काही बोलले नाहीत आणि आत गेले. मला वाटलं, आवडला.



मोगऱ्याची पानं मे महिन्यातच पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मी खत वाढवलं. आता कळतं, की मुळं खालच्या राडारोड्यात शिरली होती. सिमेंट-चुन्यामुळे माती विम्लधर्मी होते आणि मग जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. झाड मला सांगत होतं, पण मला ती भाषा येत नव्हती.

पाऊस लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आजी म्हणाली, "खोलीला वास येतोय गं. वाड्यासारखा." मी म्हटलं, नवीन घर आहे, दार-खिडक्या बंद असतात म्हणून येत असेल. चार दिवसांनी तिच्या पलंगामागच्या भिंतीवर, फरशीपासून हातभर उंचीपर्यंत, रंगाचे पापुद्रे सुटले. पापुद्र्याखाली मिठासारखी पांढरी भुकटी. भिंतीला हात लावला तर गार आणि ओला. पलंग ओढला, तर मागे ठेवलेल्या आजीच्या पेटीच्या तळाला बुरशी धरली होती. त्या पेटीत आजोबांची दोन पत्रं आणि तिचा शालू होता. पत्रांची शाई पसरली होती.

तीन महिन्यांचं घर, आणि ओल आली होती, वाफा होता बरोबर तेवढ्याच लांबीत.

यात गूढ काही नाही. वीट आणि गिलावा स्पंजासारखे असतात, पाणी वर ओढतात. म्हणून जोत्याच्या पातळीवर पाणी अडवणारा एक थर घालतात, त्याच्यामुळे जमिनीतली ओल वर भिंतीत चढत नाही. जमीन या थराच्या किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. मी काय केलं होतं? राडारोड्याने जमीन फूटभर उचलली होती आणि त्यावर दीड फूट मातीचा वाफा भिंतीला चिकटवला होता. जोतं दोन फूट उंच. म्हणजे माझी माती त्या थराच्याही अर्धा फूट वर गेली होती. पाण्याला भिंतीत जायला मी जिना बांधून दिला होता. वर अंगणाचा उतारही भिंतीकडे, कारण पसरवताना उताराचा विचारच केला नव्हता.

आजीला वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत आणलं. तिला जिना झेपत नाही, म्हणजे ती आता खाली अंगणात येऊ शकत नव्हती. ज्या अळूसाठी हे सगळं केलं ते तिला खिडकीतूनही दिसत नव्हतं.

बाबा तरी बोलतील असं मला वाटत होतं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.



24 जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. 25 तारखेला सकाळी फोनवर एकापाठोपाठ व्हिडिओ यायला लागले. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, नदीपात्रातला रस्ता बंद, सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेलं आणि होड्यांतून लोकांना बाहेर काढताहेत. आमच्यापासून नदी पाच मिनिटांवर आहे. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, येण्यासारखंही नव्हतं. पण बाबा छत्री न घेता बाहेर पडले आणि तासाभराने चिंब होऊन परत आले. नदी बघायला गेले होते.

आले ते तसेच बोळात गेले आणि कुदळ घेऊन पुढे आले. आणि त्या पावसात त्यांनी माझा वाफा फोडायला सुरुवात केली.

68 वर्षांचा माणूस, गुडघ्याचं दुखणं. मी धावत खाली गेले, कुदळ ओढायला लागले. ते म्हणाले, "सोड. माती भिंतीला लागली की भिंत जाते." आणि मग, माझ्याकडे न बघता, खणता खणता बोलायला लागले.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकला नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. पण 'आपल्या वाड्यात पूर आला होता' या एका वाक्याच्या पुढे कुणी कधी गेलं नव्हतं. बाबा तेव्हा पाच वर्षांचे. ते म्हणाले, पाणी त्यांना आठवतच नाही. पाणी यायच्या आत आजी त्यांना काखेत घेऊन पर्वतीच्या दिशेने निघाली होती. त्यांना आठवतो तो परत आल्यावरचा गाळ. चौकात त्यांच्या कमरेइतका. माजघरात, कोनाड्यात, देवांच्या मूर्तींवर, धान्याच्या कोठीत. आजोबा आणि शेजारचे दोघे कितीतरी दिवस घमेल्यांनी तो बाहेर टाकत होते. सगळ्यांना वाटलं वाडा वाचला, कारण पाण्यात तो उभा राहिला होता. मग ऊन पडलं. भिंतीला लागलेला गाळ वाळायला लागला. आणि आठवड्याभराने, आकाशात ढग नसताना, भरदुपारी मागची भिंत आपोआप बसली. भिंतीच्या पलीकडे ते खेळत होते.

"आवाज झाला नाही," बाबा म्हणाले. "नुसती खाली बसली, म्हैस बसते तशी."

त्या वेळी मातीच्या भिंतींचं असंच झालं. पाण्यात फुगलेली भिंत पाणी ओसरल्यावर, वाळताना ढासळते. आमच्या सिमेंट-काँक्रीटच्या घराला तो धोका नव्हता. हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आहेत. पण कळणं वेगळं. मी घमेलं घेतलं आणि माती उचलायला लागले.



पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही दोघं तेच केलं, पण या वेळी बाबांच्या पद्धतीने. राडारोडा ट्रॅक्टरने गेला. तेव्हा वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट पैसे गेले ते वेगळेच. भिंतीलगतची जमीन जोत्याच्या दीड फूट खाली आणली. भिंतीच्या कडेने फूटभर रुंद आणि दीड फूट खोल चर खणला. तळाला उतार धरून भोकांचा पाईप टाकला, त्यावर खडी भरली आणि खडीत माती जाऊ नये म्हणून चराला कापडाचं अस्तर दिलं. जिओटेक्स्टाइल म्हणतात ते. पाईप नेऊन सोडला फाटकाच्या कोपऱ्यात, घरापासून जितकं लांब जाता येईल तितकं, एका शोषखड्ड्यात. अंगणाचा उतार रस्त्याकडे, फुटाला पाव इंच. डोळ्यांना हा उतार दिसतही नाही, पण पाण्याला बरोबर कळतो. लाद्या परत बसवल्या, या वेळी कचेवर, मध्ये दोन बोटं फट सोडून. खाली सिमेंट नाही. पाऊस फटीतून जमिनीत जातो.

किती जातो, याचा हिशेब बाबांनी आजीला ऐकवला. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे चौरस मीटरला 700 लिटर. आमचं अंगण साधारण 18 चौरस मीटर. पेव्हिंग ब्लॉक घट्ट बसवून ते सगळं बंद केलं असतं, तर बारा-तेरा हजार लिटर पाणी दर वर्षी रस्त्यावर आणि तिथून नदीत गेलं असतं. ज्या माणसाला सगळं बंद करायचं होतं, तोच हा हिशेब मांडत होता. मी काही बोलले नाही.

चर खणताना एका जागी बाबा थांबले. कुदळीच्या टोकाला एक फिकट, मऊसूत थर लागला होता. वर खाली काळी माती, विटांचे कण, मध्ये तो थर बोटभर जाड. त्यांनी चिमटीत घेऊन चोळला. "हा तोच," म्हणाले. तोच होता की आणखी कशाचा, मला सांगता येणार नाही. त्यांनी तो कागदाच्या पुडीत बांधला आणि खिशात ठेवला.

भिंत वाळायला दिवाळी उजाडली. बाहेरचं पाणी तोडलं तरी भिंत आपल्या वेगानेच सुकते. तोवर आतून रंग देऊ नका, वॉटरप्रूफ म्हणून जो विकतात तो तर मुळीच नको. ओल आतच कोंडते. आम्ही खराब गिलावा खरवडला, पंखा लावला आणि वाट पाहिली. नोव्हेंबरात आजी खाली आपल्या खोलीत आली.



अळू शोषखड्ड्याच्या कोपऱ्यात लावलंय. चार बाय तीन फुटांचा तुकडा, भिंतीपासून लांब. आजीच्या न्हाणीघरातलं आंघोळीचं पाणी एका वेगळ्या पाईपने तिथे सोडलं. पाणी वर साचत नाही, खडीखालून जातं, म्हणून डास नाहीत. साबण साधा वापरायचा, एवढंच. जास्तीचं पाणी ड्रेनेजला. ही जोडणी बाबांनी स्वतः केली. मोरी हा शब्द तोंडातून न काढता त्यांनी आजीला मोरी करून दिली.

वाफा फोडला तेव्हा अळू चिखलाखाली गेलं होतं. मी मेलं म्हणून सोडून दिलं. बारा दिवसांनी सोललेल्या पेन्सिलीसारखी दोन टोकं वर आली. आजीला गच्चीच्या कठड्यावरून दाखवलं. तिला काही नवल वाटलं नाही. म्हणाली, "ते येतंच. पुरानंतर चौकात गाळातून पहिलं वर आलं ते हेच. घरात धान्य नव्हतं, जळण ओलं. एका शेजारणीकडे स्टोव्ह होता, तिथे याचं फतफतं केलं. चिंच नव्हती, घसा खाजला सगळ्यांचा. खाल्लं तरी."

बाबा तिथेच उभे होते. त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी खाल्लं होतं?"

"तू रडलास."

एकाच गाळाची या दोघांची आठवण 63 वर्षं शेजारी शेजारी राहत होती आणि एकमेकींना भेटली नव्हती.



शेवटचं किरकोळ काम बाबांचं. जुन्या वाड्याच्या पुढच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, आजोबांनी तेलरंगाने ओढलेली. वाडा पडला तेव्हा रेघही गेली. मला तर ती नीट आठवतही नाही. डिसेंबरात एका रविवारी बाबांनी गवंड्याची पाण्याची नळी आणली, आम्ही उतार काढायला वापरली होती तीच. आणि खिशातून एक जुनी डायरी काढली. वाडा उतरवायच्या आदल्या दिवशी त्यांनी मोजून ठेवलं होतं. शेजारच्या वाड्याच्या सर्वांत खालच्या पायरीपासून रेघेपर्यंत 9 फूट 4 इंच. शेजारचा वाडा अजून उभा आहे, पायरीही.

नळीचं एक टोक मी त्या पायरीशी धरलं, दुसरं त्यांनी आमच्या भिंतीवर. दोन्हीकडे पाणी एका पातळीवर येऊन थांबलं. तिथून त्यांनी टेप लावून मोजलं, खूण केली आणि शिडीवर चढून लाल रंगाने हातभर लांब रेघ ओढली. खाली बारीक अक्षरांत तारीख. आजीच्या खिडकीच्या वर, माझा हात पोचत नाही इतक्या उंचीवर. त्या रेघेखाली उभं राहिलं की पाणी किती होतं ते पहिल्यांदा मला खरोखर कळलं.

आम्ही आजीला खुर्ची देऊन अंगणात आणलं. तिने चष्मा नीट केला. बराच वेळ वर पाहिलं.

"वर गेली," ती म्हणाली.

"मोजून काढलीये," बाबा म्हणाले.

"चार बोटं वर गेली. मी पाहिलीये ओली भिंत. तू काखेत होतास."

वाद अजून चालू आहे. बाबा डायरी दाखवतात, आजी बोटं दाखवते. मी नावाची पाटी करायला घेतलीये, तुळईच्या उरलेल्या तुकड्याची. 120 चा कागद झालाय, 220 चा राहिलाय.